वॉरंटीत बसत नाही

विस्कॉन्सिन राज्यात ग्रँट्सबर्ग नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे दर जुलैत लोक स्नोमोबाइल तळ्याच्या पाण्यावरून पळवतात. बर्फाचा पत्ता नाही, काठावर माणसं अर्ध्या चड्डीत बसलेली, आणि दोन-अडीचशे किलोची, बर्फासाठी बनवलेली गाडी पाण्यावरून सुसाट निघालेली. वेग राखला तर तरते, हात ढिला पडला की बुडते. बुडाली की ओढून काढतात, आतलं पाणी उपसतात आणि पुन्हा रांगेत उभी करतात. सत्तरच्या दशकापासून हे चाललंय. आम्ही बघायला गेलो तेव्हा बाकीचे प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. माझे मेहुणे शेजारच्या अनोळखी गोऱ्याला कोपराने ढोसून म्हणाले, ‘‘हे वॉरंटीत बसतं का?’’

गोरा खो खो हसला. मेहुणे हसले नाहीत. त्यांच्या घरी वॉरंटी हा विनोदाचा विषय राहिला नव्हता.

आम्ही मिनेसोटात राहतो. इथे स्नोमोबाइलसाठी राखलेल्या वाटाच सुमारे २२ हजार मैलांच्या आहेत, आणि माझा आपला अंदाज असा, की त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या वाटेवर दर रविवारी एक गाडी दुसरीला दोरीने बांधून घरी आणत असते. ओढणारा आणि ओढला जाणारा यांच्या गाड्या वेगळ्या कंपन्यांच्या असतील तर ओढणारा आधी फोटो काढतो, मग दोरी बांधतो. तो फोटो पुढे अनेक वर्षं पाहुण्यारावळ्यांना दाखवला जातो. मी स्वतः ही गाडी चालवत नाही. माझ्याकडे गॅरेजमध्ये बॅटरी धरून उभं राहण्याचं खातं आहे. त्या जागेवरून इंजिन फारसं दिसत नाही, पण त्यावर वाकलेली माणसं चांगली दिसतात.

ही माणसं दोन पंथांची असतात. पहिल्या पंथाचा विश्वास कंपनीवर. गाडीला कंपनीचं ऑइल, कंपनीचा प्लग, कंपनीचा बेल्ट. सीटवर कंपनीचं कव्हर आणि डोक्यात कंपनीची टोपी. स्क्रू सैल झाला तरी हे लोक डीलरकडे अपॉइंटमेंट घेतात. दुसरा पंथ बाहेरच्या पार्टवाल्यांचा. शोरूममधून गाडी घरी आली की ओवाळणी व्हायच्या आत हे तिचा सायलेन्सर उतरवतात. कंपनीच्या एवढ्या मोठ्या इंजिनिअरांना जे कळलं नाही ते आपल्याला गॅरेजमध्ये कळलं आहे, यावर त्यांची श्रद्धा असते. आणि गंमत म्हणजे अधूनमधून ते खरंही असतं.

इतिहास बघायला गेलं तर मूळ परंपरा दुसऱ्या पंथाची. १९२४ साली विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियासनने जी मोटर लावलेली घसरगाडी बनवली, तिला होडीचं इंजिन होतं, सायकलचे भाग होते आणि फोर्ड गाडीच्या रेडिएटरचा तुकडा होता. त्याचा एक पाय अधू होता, मित्रांबरोबर बर्फातून शिकारीला जाता येत नव्हतं, म्हणून हा उद्योग. म्हणजे या कुळाच्या मूळपुरुषाच्या अंगावर कंपनीचा म्हणावा असा एकही पार्ट नव्हता. सगळा बाहेरचा.

पुढे १९६० साली मिनेसोटातल्या रोझो गावचा एडगर हेटीन आपल्या कारखान्याच्या गाड्या घेऊन अलास्कात गेला आणि बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत हजारावर मैल त्या चालवून दाखवल्या. गाडी टिकते हे लोकांना पटावं, एवढाच हेतू. परत आला तर कारखान्यातले भागीदार म्हणाले, हे काय चालवलंय? मतभेद झाले. एडगर बाहेर पडला आणि शंभरेक किलोमीटरवरच्या थीफ रिव्हर फॉल्सला जाऊन त्याने दुसरा कारखाना काढला. पहिला तो पोलारिस, दुसरा पुढे आर्क्टिक कॅट झाला. अमेरिकेतल्या कुठल्याही शहरात दुसरं महाराष्ट्र मंडळ कसं निघतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

आमचे मेहुणे कोल्हापूरचे. तिथल्या उद्यमनगरात त्यांचं बालपण गेलं, आणि लेथ मशीन आहे तोवर जगात काहीही बिघडलेलं नसतं, हा त्या भागाचा स्वभावधर्म त्यांनी मिनेसोटात जसाच्या तसा आणला. शिवाय ते चेतकवर वाढलेले. दीडशे सीसीच्या त्या स्कूटरला आडवी कलंडवून सुरू करणं, प्लग पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवणं, पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल टाकताना माप डोळ्यांनी तपासणं, हे ज्या पिढीने केलं त्या पिढीला टू-स्ट्रोक इंजिनाचं भय वाटत नाही. स्नोमोबाइलही बहुतेक टू-स्ट्रोकच. एवढ्या एका साम्यावर मेहुण्यांनी गाडी घेतली. फरक इतकाच होता की चेतकचं बळ दहा घोड्यांच्याही आत, आणि हिचं दीडशेच्या वर. ‘‘तत्त्व तेच हाय दाजी,’’ मेहुणे म्हणाले. तत्त्व तेच होतं.

आता हे तत्त्व बिघडतं कसं, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण भांडण सगळं तिथून सुरू होतं. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाला वंगण पुरवणारं ऑइल पेट्रोलबरोबरच जळून जातं. पेट्रोल कमी पडलं की आतली उष्णता वाढते, ऑइल कमी पडलं की घर्षण. थंडी जितकी जास्त तितकी हवा दाट, म्हणजे तिच्यात प्राणवायू जास्त, म्हणजे तिला पेट्रोलही जास्त लागतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत उणे पाचच्या हिशेबाने पेट्रोलचं जेट बसवलेलं असेल आणि सकाळी पारा उणे तीसला गेला असेल, तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडायला एक उतावीळ मैल पुरतो. नव्या गाड्यांत सेन्सर हा हिशेब करतात. पण त्याच गाडीला बाहेरचा सायलेन्सर लावला की सेन्सरचा हिशेब चुकू शकतो. मग तो दुरुस्त करायला बाहेरचा एक डबा लावायचा. त्या डब्यासाठी बाहेरचं सॉफ्टवेअर घ्यायचं. दुसऱ्या पंथात माणूस एका पार्टने शिरतो. बाहेर पडलेला माझ्या पाहण्यात नाही.

या गाडीचं इंजिन थंड ठेवायला बर्फच लागतो, हीसुद्धा एक मजाच. कूलंटचे पत्रे गाडी ज्यावर धावते त्या पट्ट्याच्या वर बसवलेले असतात आणि धावताना उडणारा भुसभुशीत बर्फ त्यांच्यावर बसतो, तो त्यांना गार करतो. गोठलेल्या तळ्यावर नुसती काच असेल, वर भुसा नसेल, तर भर हिवाळ्यात, उणे वीसमध्ये, इंजिन तापून बंद पडतं. हे मी कोल्हापूरला फोनवर सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी फोन सासूबाईंकडे दिला.

पेट्रोलचंही प्रकरण आहे. मिनेसोटात साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिलं की पाणी धरून तळाला बसतं. म्हणून इथे काही पंपांवर इथेनॉलविरहित पेट्रोल मिळतं आणि ते फक्त होड्या, स्नोमोबाइल, जुन्या संग्राह्य मोटारी असल्यांसाठीच आहे अशी पाटी असते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातून आलेल्या मेहुण्यांना पेट्रोलमधल्या इथेनॉलला नावं ठेवणं भावनिकदृष्ट्या जड गेलं. पण इथलं इथेनॉल मक्याचं आहे असं कळल्यावर ते मोकळे झाले आणि मनसोक्त नावं ठेवू लागले.

मात्र मेहुण्यांच्या इंजिनाने यातलं कुठलंच कारण निवडलं नाही. त्याने सगळ्यांत साधं निवडलं. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू केलं की पिस्टन आधी तापतो. त्याच्या भोवतीच्या सिलिंडरला मात्र गारठलेल्या कूलंटचा वेढा असतो, तो अजून जागा झालेला नसतो. पिस्टन फुगतो, सिलिंडर फुगत नाही, आणि दोघांत जी केसाएवढी फट ठेवलेली असते ती संपते. त्यालाच कोल्ड सीझर म्हणतात. उपाय फुकट आहे. पाच-सात मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची, कूलंट कोमट झालं की निघायचं. पण त्या सकाळी पारा उणे अठ्ठावीस होता, मित्र फाटकाशी आपापल्या गाड्या गुरगुरवत उभे होते, आणि त्यांच्यासमोर गाडी शेकत उभं राहणं मेहुण्यांना शोभेना. ते निघाले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गाडीने एकदाच ‘कर्र’ केलं. दोरी मित्रांकडे होतीच. कंपनी वेगळी होती. फोटो निघाला.

इथून वॉरंटीचं कांड सुरू होतं. गाडी घेतली २०२३ च्या शरदात. कागदावर लिहिलं होतं, ताबा घेतल्यापासून बारा महिने. आणि २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार निघाला. नाताळात पाऊस पडला, वाटा उघडल्याच नाहीत. गाडी वर्षभर गॅरेजमध्ये नव्या कव्हराखाली उभी. मेहुण्यांची बहीण (म्हणजे माझी बायको) मधूनमधून भावाला विचारायची, ‘‘दादा, निदान तिच्यावर कपडे तरी वाळत घालू का?’’ पुढच्या हिवाळ्यात बर्फ आला तोवर बारा महिने उलटले होते. गाडी मोजून काही तास चाललेली, आणि वॉरंटी संपलेली.

डीलरच्या काउंटरवरचा माणूस इतका सभ्य होता की भांडायला पकडच मिळेना. मेहुण्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मला फार वाईट वाटतं.’’ मेहुणे म्हणाले, ‘‘अहो, बर्फच पडला नाही तर मी चालवणार काय?’’ तो म्हणाला, ‘‘तेही वाईटच झालं.’’ मग त्याने गाडीला लॅपटॉप जोडला. नव्या इंजिनाच्या कंप्युटरमध्ये किती तास चाललं, किती फेरे झाले, कुठला बिघाड कधी नोंदला गेला, अशी बरीच नोंद असते. मेहुणे तोवर ‘‘मी व्यवस्थित गरम करूनच निघालो होतो’’ हे वाक्य दोनदा म्हणाले होते. काउंटरवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मेहुण्यांकडे पाहिलं, आणि लॅपटॉप हळूच मिटला. मिनेसोटाच्या माणसाचा सुसंस्कृतपणा मी इतक्या जवळून पूर्वी पाहिला नव्हता.

इथे डीलरची बाजूही घ्यायला हवी. वॉरंटीच्या कामाचे पैसे त्याला कंपनी देते, आणि त्या कामाला किती तास लागायला हवेत हेही कंपनीच ठरवते. प्रत्यक्षात मेकॅनिकला दुप्पट वेळ लागला तर तो डीलरच्या अंगावर. गिऱ्हाईक त्याच्यावर ओरडतं, कंपनी त्याचे दावे कापते. तरी त्याने ‘सद्‌भावना म्हणून काही देता येईल का’ असं कंपनीला लिहिलं. असं लिहिता येतं आणि कधीकधी कंपन्या देतातही, हे बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. आमच्या बाबतीत कंपनीची सद्‌भावना पत्रातच राहिली.

मग मेहुणे कायद्याकडे वळले. दुखावलेला मराठी माणूस शेवटी तिथेच जातो. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस नावाचा वॉरंटी कायदा आहे, आणि त्यात एक फार चांगली गोष्ट आहे. तुम्ही बाहेरचा पार्ट लावलात किंवा बाहेरच्या मेकॅनिककडे गेलात, एवढ्याच कारणाने कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या पार्टमुळेच बिघाड झाला, हे तिला दाखवावं लागतं. ‘हे स्टिकर फाडलं तर वॉरंटी रद्द’ असल्या धमक्यांवरून इथल्या संघीय व्यापार आयोगाने २०१८ साली सहा कंपन्यांना लेखी समज दिली होती. मेहुण्यांनी हे सगळं छापून घेतलं, पिवळ्या पेनने रंगवलं, फाईल केली. पण त्यांनी बाहेरचा पार्ट लावलाच नव्हता, आणि मुदत संपलेली होती, त्यामुळे एवढा चांगला कायदा त्यांच्या काहीच उपयोगाचा नव्हता. फाईल मात्र देखणी झाली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती दाखवतात.

त्याच वाचनात एक उपयोगी मुद्दाही हाती लागला. धुराशी संबंधित भागांची हमी वेगळी असते, आणि संघराज्याच्या प्रदूषण-नियमांप्रमाणे ती स्नोमोबाइललाही लागू आहे. साध्या वॉरंटीपेक्षा ती जास्त चालते. महिन्यांत मोजली तर तीस. इंधन सोडणारी यंत्रणा किंवा इंजिनाचा कंप्युटर गेला असेल तर डीलरला त्या हमीबद्दल स्पष्ट विचारावं. चिकटलेला पिस्टन तिच्यात घालायचा मेहुण्यांनी प्रयत्न केला. ‘‘इंजिनच बंद, म्हंजे धूर शून्य. म्हंजे धुराशी संबंध आलाच की!’’ काउंटरवाल्याला पुन्हा फार वाईट वाटलं.

राहिला बाहेरचा मार्ग. मिनेसोटातल्या नॉर्थ ब्रँचला दर सप्टेंबरात ‘हे डेज’ नावाची जत्रा भरते. स्नोमोबाइलची जत्रा, आणि तीही बर्फ पडायच्या आधी. तिथे गाड्या गवतावर शर्यती खेळतात, आणि बाजूच्या मैदानात जुन्या-नव्या पार्टचा बाजार मांडलेला असतो. मेहुणे तिथे माहेरी आल्यासारखे फिरले. एका तंबूत त्यांना पिस्टनचा संच मिळाला. साच्यात ओतलेला नाही, दाबून घडवलेला. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे मजबुतीत कंपनीच्या पिस्टनच्या कितीतरी पुढे. या म्हणण्यात तथ्य आहे; घडवलेला पिस्टन जास्त मार सोसतो, आणि काही इंजिनांची मूळची कमजोरी असल्या संचांनी खरोखर काढली आहे. पण असा पिस्टन तापला की सहसा जास्त फुगतो, म्हणून त्याला फट जास्त ठेवतात, म्हणून तो थंडीत सुरुवातीला खडखडतो, आणि म्हणून तो बसवणारा प्रत्येक मेकॅनिक बजावून सांगतो: निघण्याआधी इंजिन नीट गरम करा. जास्तच वेळ.

हे ऐकून मी बॅटरी जरा खाली केली. म्हणजे जो माणूस पाच मिनिटं थांबला असता तर त्याला नवा पिस्टन लागलाच नसता, त्याने काहीशे डॉलर मोजून असा पिस्टन घेतला होता, ज्याच्यासाठी दहा मिनिटं थांबावं लागणार. मी हे बोललो नाही. बोललो असतो तर बॅटरीचं खातं गेलं असतं.

आमच्या शेजारी एक नॉर्वेजियन वंशाचे आजोबा राहतात. त्यांच्याकडे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गाडी आहे. त्या काळात या गाड्या बनवणाऱ्या शंभरावर कंपन्या होत्या. आज नावं घ्यायला एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यांतल्या यामाहानेही २०२५ च्या मॉडेलनंतर हा धंदा सोडायचं जाहीर केलं. आजोबांच्या गाडीची कंपनी कधीच बुडाली, तिचे डीलर वारले, कारखान्याच्या जागेवर काय आहे कोण जाणे. गाडी मात्र सुरू होते. वॉरंटी की बाहेरचा पार्ट, या वादात मेहुण्यांनी त्यांचं मत विचारलं. आजोबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘‘उंदीर बघितलेत का?’’

आम्हाला वाटलं, वय झालं. पण या धंद्यात तो पहिला प्रश्न असायला हवा. उन्हाळ्यात गाडी सहा-सात महिने उभी असते, आणि हवेची पेटी ही उंदरांना बाळंतपणासाठी फार सोयीची जागा आहे. अंधार, ऊब, आणि फोम पोखरायला आयता. हिवाळ्यात गाडी सुरू केली की कापूस, बिया आणि बाकीचा संसार श्वासाबरोबर इंजिनात. आजोबांनी मेहुण्यांच्या गाडीची पेटी उघडली. आत पूर्ण बिऱ्हाड होतं. गणपतीच्या वाहनाने आमच्या वाहनात एक अख्खा हिवाळा काढला होता, भाडं न देता. नवा पिस्टन याच हवेवर चालणार होता.

तर या सगळ्या उभं राहण्यातून माझं मत असं झालं आहे. वॉरंटी चालू असेपर्यंत गाडीला पाना लावू नका, आणि लावलात तर पावती ठेवा. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण कायद्यालाही कागद लागतो. ऑइल कुठलं, कधी घेतलं, हे लिहून ठेवा. वॉरंटी संपली की त्या इंजिनाची ठाऊक असलेली कमजोरी चांगल्या मेकॅनिककडून बाहेरच्या पार्टने काढून घ्यायला हरकत नाही. ताकद वाढवण्यासाठी मात्र काहीही लावू नका, कारण इंजिनाचं आयुष्य तिथेच कमी होतं आणि धुराच्या यंत्रणेत ढवळाढवळ करणं बेकायदाही आहे. एप्रिलमध्ये गाडी ठेवताना इंजिनात फॉगिंग ऑइल मारा, म्हणजे क्रँकची बेअरिंग गंजणार नाहीत, आणि हवेच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. सकाळी मित्रांना दहा मिनिटं उशिरा बोलवा. आणि डीलरने जादा पैशांत मुदतवाढीची वॉरंटी पुढे केली तर सही करण्याआधी ‘यात काय बसत नाही’ ते पान वाचा. मेहुण्यांनी या वेळी ते वाचलं. उंदीर चौथ्या ओळीत आहेत.